रक्त कमी आहे, पण कशामुळे?

रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण मिसळायचं, वरून पातळ काच ठेवून कडा बंद करायच्या. आतला प्राणवायू संपत जातो. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काहींच्या रक्तातल्या गोल, मधे दबलेल्या पेशी वाकड्या आणि टोकदार झालेल्या दिसतात. अगदी विळा! आपल्याकडे खेड्यात म्हणतात तो इळा. 'सिकलसेल' हे नाव त्यावरूनच पडलं.

एवढी उलथापालथ करायला किती बदल लागतो? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओवलेली असतात. त्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बस्स, एक मणी बदलला. पण प्राणवायू सुटला की हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दांडे होतात आणि पेशीचा आकारच बिघडतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची जेमतेम १० ते २०. हाडांतला मगज रात्रंदिवस नव्या पेशी घडवतो, तरी पुरं पडत नाही.

आता लॅबचा रिपोर्ट बघा. 'हिमोग्लोबिन ८', खाली ठळक रेघ. एका बाईचं पाळीत रक्त जाऊन जाऊन लोह संपलेलं असतं. दुसरीच्या पेशी वेळेआधीच फुटत असतात. कागदावर आकडा मात्र तोच. पहिलीला लोहाच्या गोळ्या हव्यातच. दुसरीच्या फुटलेल्या पेशींमधलं बरंचसं लोह शरीर पुन्हा वापरतं. वारंवार रक्त चढवलेलं असेल, तर लोह साचून यकृताला त्रासही देऊ शकतं. म्हणजे 'रक्त कमी' हे निदान नव्हे, ती नुसती खूण आहे.

नागपुरात हा फरक फार महत्त्वाचा. शुक्ला आणि सोलंकी या इथल्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली ती १९५८ साली. आज विदर्भात 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' हे शब्द घराघरांत ऐकू येतात. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण.

तरीही डॉक्टरांना विचारायचं म्हटलं की जीभ अडखळते. त्यांना राग आला तर? अशा वेळी शिकागोचे जेम्स हेरिक आठवावेत. ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या या विचित्र पेशींचं वर्णन त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलं आणि नेमकं निदान आपल्याला करता येत नाही, हेही त्यात लिहिलं. 'हे कशामुळे?' हा मुळात डॉक्टरांचाच प्रश्न आहे.

म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण विचारा: "डॉक्टर, रक्त कशामुळे कमी झालं असेल? लोह खरंच कमी आहे का, ते बघायला फेरिटिन करायचं का? सिकलसेलसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागेल का?" हा शेवटचा प्रश्न अशासाठी, की सिकलसेलची साधी सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. आणि शेवटी: "पुन्हा रक्त कधी तपासू?" लोहाचीच कमतरता असेल आणि गोळ्या नीट घेतल्या, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅम तरी वाढायला हवं. नाही वाढलं, तर पुन्हा तोच प्रश्न.

याची दुसरी बाजूही आहे. वाहकाचं हिमोग्लोबिन सहसा नॉर्मल असतं. तेव्हा "तू एएस आहेस ना, मग रक्त कमीच राहणार" असं कुणी म्हटलं, तर तिथेही 'कशामुळे?' विचाराच. कारण तिथे उत्तर बहुतेकदा त्या साध्या लोहाच्या गोळीतच असतं.