राऊटर कुठल्या दिशेने फिरवायचा?

सागवानी फळीच्या कडेला गोलाई मारताना राऊटर अचानक हातातून पुढे पळाला, की नवशिका दोष मशीनला देतो. बहुतेक वेळा चूक दिशेची असते.

हातात धरलेल्या राऊटरचं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. म्हणून फळीच्या बाहेरच्या कडांना राऊटर काट्यांच्या उलट दिशेने न्यायचा. समोरची कड असेल तर डावीकडून उजवीकडे. फळीच्या आत कापलेल्या चौकटीत मात्र काट्यांच्या दिशेने. असं केलं की बिट लाकडाशी झुंजतं आणि मशीन ताब्यात राहतं. उलट नेलं, तर बिट कडेवर चाकासारखं धावू लागतं.

दुसरी गोष्ट कोलेटची, म्हणजे बिटचा दांडा पकडणाऱ्या भागाची. पाव इंची दांडा ६.३५ मिमीचा असतो. त्या कोलेटमध्ये ६ मिमीचं बिट घट्ट वाटलं तरी चालताना घसरू शकतं. बिट तळापर्यंत घालून दोन-तीन मिमी वर ओढायचं आणि मगच कसायचं. त्याआधी प्लग काढलेला हवाच!

खोल खाच एका दमात काढण्याचा मोह फार महागात पडतो. दर फेरीला तीन-चार मिमी पुरे. मोठ्या व्यासाच्या बिटला वेग कमी ठेवायचा. फार रेंगाळलं तर लाकूड काळं पडतं.

चारही कडा करायच्या असतील, तर आधी टोकाकडच्या, लाकडाचे रेषे छेदणाऱ्या बाजू घ्याव्यात. तिथे कोपऱ्याचा कपचा उडाला, तरी लांब कडा करताना तो निघून जातो.

चष्मा, मास्क आणि कानांना संरक्षण हवंच. हातमोजे मात्र नकोत, ते बिटमध्ये ओढले जातात.