गुप्तधन सापडलं, तर कुणाचं?

‘स्पेलंकी २’ (२०२०) या व्हिडिओ गेममध्ये गुहेत उड्या मारत सोनं गोळा करायचं. उचललं ते आपलं. पातूरच्या लेण्यांकडच्या एखाद्या वावरात नांगराला हंडा लागला, तर हिशेब वेगळा. १८७८ चा कायदा अशा धनाला निखात निधी (जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू) म्हणतो. किंमत दहा रुपयांवर असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मूळ कायद्यातली ही मर्यादा आज चहापाण्यालाही पुरत नाही! वाटेत सापडलेलं पाकीट ठाण्यात द्यावं, तसंच हे.

पण ‘सगळं सरकारजमा होतं’ हेही खरं नाही. जुना मालक निघाला नाही आणि आपसांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, उरलेलं जमीनमालकाला. सरकारने घेतलं, तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन. लपवणाऱ्याला मात्र वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि वाटाही जातो.