आम्लपित्त : बाधणारा पदार्थ कसा ओळखावा?

जेवणानंतर छातीत जळजळणे, आंबट पाणी घशाशी येणे या तक्रारी सर्वत्र आढळतात. अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरील स्नायूंचे वलय सैल पडले की जठरातील आम्ल वर चढते. तळलेले पदार्थ, चहा, कॉफी, चॉकलेट, पुदिना, कच्चा कांदा, टोमॅटो व मद्य यांमुळे अनेकांना हा त्रास होतो. परंतु एकास बाधणारा पदार्थ दुसऱ्यास बाधतोच असे नाही. सर्वच पदार्थ सरसकट वर्ज्य केल्यास आहार मात्र निष्कारण निकृष्ट होतो.

त्यापेक्षा 2 आठवडे वहीत पदार्थ, प्रमाण, जेवणाची, झोपेची व त्रासाची वेळ नोंदवावी. नंतर संशयित पदार्थ एका वेळी एकच असा काही दिवस बंद ठेवून पुन्हा घेऊन पाहावा. थांबलेला त्रास पुन्हा उद्भवल्यास कारण बहुधा सापडले. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी 3 तास उरकावे. अन्यथा दोष वेळेचा आणि खापर भाजीवर, असे होते.

गिळताना अडखळणे, वजन घटणे, रक्ताची उलटी अथवा काळी शौचास होणे ही लक्षणे दिसताच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीतील कळ हाताकडे वा जबड्याकडे जात असल्यास किंवा घाम सुटल्यास ते पित्त न मानता तत्काळ रुग्णालय गाठावे.