साखळी, खेकडे आणि एक बोअरवेल

पावसाळ्यात बातम्यांमध्ये ‘विसर्ग इतके क्युसेक’ असे ऐकू आले की हा हिशोब करून पाहा. साधारण ११,५०० क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट या वेगाने, अखंड चोवीस तास पाणी सोडले की धरणातले एक टीएमसी पाणी कमी होते. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरहून जास्त. पुण्याची तहान भागवणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली, तरी त्यांत मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये याहून जास्त पाणी एका साखळीपायी वाहून गेले!

कर्नाटकात होस्पेटजवळ तुंगभद्रा धरण आहे. सत्तर वर्षांचे, ३३ दरवाज्यांचे. १० ऑगस्टच्या रात्री १९ व्या दरवाज्याची साखळी तुटली आणि साठ फूट रुंदीचा तो पोलादी दरवाजा प्रवाहाबरोबर निघून गेला. धरण तुडुंब होते. भिंतीवरचा ताण कमी करायला बाकीचे दरवाजेही उघडावे लागले. कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणातल्या शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामासाठी जपलेले पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत नदीला मिळत होते. पाणी सांडव्याच्या खाली जाईपर्यंत थांबायचे, तर निम्म्याहून अधिक धरण रिकामे करावे लागले असते. तेव्हा सत्तरी ओलांडलेले दरवाजेतज्ज्ञ कन्हैया नायडू पुढे आले. वाहत्या पाण्यातच काम करू, असे त्यांनी ठरवले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे (आडव्या फळ्या) घालतात तसेच हे काम, फक्त इथला एकेक बर्गा साठ फुटी, टनावारी वजनाचा, क्रेनला टांगलेला आणि खाली उसळता लोंढा. असे पाच बर्गे एकावर एक बसले आणि आठवड्याभरात पाणी थांबले. तोवर तीस टीएमसीहून जास्त पाणी गेले होते, पण उरलेले वाचले. धरण बांधणाऱ्यांचे पुतळे उभे राहतात. असे धरण वाचवणाऱ्यांचेही राहावेत, असे मला मनापासून वाटते.

दरवाज्यांचा विषय निघालाच आहे, तर खडकवासल्याचे नाव घ्यायलाच हवे. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की आपोआप उघडणारे आणि उतरले की मिटणारे दरवाजे अभियंते विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये इथेच बसवले. पुढे असे दरवाजे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावरही बसले. हेच खडकवासला १२ जुलै १९६१ ला फुटले. वरचे पानशेत धरण तेव्हा पुरते बांधून झाले नव्हते, तरी त्यात पाणी साठले होते. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते थोपवून धरले, पण सकाळी पानशेत गेले आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही गेले.

कोयनेची कथा याच्या उलट. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. धरणाच्या वरच्या भागाला तडे गेले, पण भिंत उभी राहिली. पुढे ती मजबूत करून घेण्यात आली. त्या पहाटे धरणातल्याच यंत्राने भूकंपाचे हादरे टिपले होते. त्या नोंदीवर आजही जगभरातले अभियंते आपली गणिते ताडून पाहतात. याच जलाशयात १३ मार्च १९९९ ला आशियातले पहिले ‘लेक टॅपिंग’ झाले. तळ्याखालून बोगदा खणत न्यायचा, शेवटी खडकाचा एक जाड पडदा राखायचा आणि तो सुरुंगाने उडवायचा. तळे रिकामे न करता त्याला खालून तोंड पाडायचे!

भोक पाडायला नेहमीच इतकी तयारी लागते, असे मात्र नाही. ठाण्यात एका बोअरवेलने मुंबईच्या जलबोगद्याला छिद्र पाडले. जमिनीखाली खोल असलेला हा साडेपाच मीटर व्यासाचा बोगदा भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राला पाणी पुरवतो. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईकरांना १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली. जमिनीखाली काय चालले आहे हे विचारल्याशिवाय बोअर घेऊ देऊ नये, एवढी साधी गोष्ट आहे ही.

बातम्यांतला आणखी एक आकडा: उजनी धरणातल्या साठ्याची टक्केवारी शून्याखाली जाते, ती कशी? उपयुक्त साठा संपला की पुढची मोजणी तळाशी उरणाऱ्या मृतसाठ्यातून, म्हणून उणे. उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीहून जास्त, म्हणजे उपयुक्त साठ्यापेक्षाही मोठा. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा उणे साठ टक्क्यांच्या घरात गेला होता. पाणी असे उतरले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर उघडे पडते.

लातूरला पाणी नेणारी रेल्वे आठवते? मिरजेहून निघालेली पहिली ‘जलदूत’ १२ एप्रिल २०१६ ला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. पावणेचार लाखांवर वस्तीच्या शहरात ते माणशी सव्वा लिटरच्या आसपास भरते. पुढे वाघिणी पन्नास झाल्या.

आता खेकड्यांबद्दल. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वाडीतली माणसे वाहून गेली. खेकड्यांनी भिंत पोखरली, असे तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले. खेकडे मातीच्या भिंतीत बिळे करतात, हे खरेच. पण धरण गळतेय असे गावकरी आधीपासून सांगत होते. भिंतीची पाहणी बिळे आणि गळती वेळीच सापडावीत म्हणूनच करायची असते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा पाहणी बंधनकारक आहे. ते अहवाल धरणाखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. देशात सर्वाधिक, दोन हजारांहून जास्त मोठी धरणे आपल्या राज्यात आहेत. पहिला फलक इथेच लागावा.

धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम नद्यांवरची फड ही सामुदायिक सिंचनाची पद्धत काही शतके चालली, ती अशाच देखरेखीवर. बंधाऱ्यातून पाट, पाटावर शेतांचे फड, कुठल्या फडात कुठले पीक घ्यायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. पाणी द्यायला पाटकरी, पिकावर लक्ष ठेवायला जागल्या. आणि पाटातला गाळ काढायला पाणी घेणाऱ्या प्रत्येक घरातून एक माणूस.