काटा, गाठ आणि लस

पांझरेच्या काठाने अनवाणी हिंडलेल्या देवपूरकराला बाभळीच्या काट्याची ओळख करून द्यायला नको. काटा मोडतो, टोक आत राहते आणि दुसऱ्या दिवशी तळपाय ठणकू लागतो. जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते. पुढे पू धरतो. घरातले कोणी सुई तापवून टोक काढते आणि आपण म्हणतो, काट्याने फार छळले. वास्तविक यांतला बराचसा छळ काट्याचा नसून आपल्याच शरीराने मांडलेला असतो. शरीर रोगजंतूंशी कसे झुंजते, हे समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण आम्हाला दिसत नाही.

कातडी शाबूत असते तोवर मातीतले असंख्य जंतू बाहेरच राहतात. काटा तिला भोक पाडतो आणि चार जंतू आत शिरतात. लगेच आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. म्हणून लाली आणि ऊब. त्यांतून पाणी झिरपते, म्हणून सूज. त्याच वाटेने रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर येतात आणि जंतूंना गिळू लागतात. ज्या पुवाची आपल्याला किळस येते, त्यात या कामी मेलेल्या पेशींचाच भरणा असतो.

ही गोष्ट उमगली तीही काट्यावरूनच. १८८२ साली सिसिली बेटावर मेसिना येथे मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलांत गुलाबाचे काटे टोचून ठेवले. सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतो, तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या ओडेसातल्या एका विद्यार्थ्याकडे आपल्याला थोड्या वेळाने यायचे आहे.

पायात काटा मोडला की कधी कधी जांघेत गाठ येते. जुनी माणसे तिला अवधाण म्हणत. दुखणे पायाला आणि गाठ जांघेत, हे काय गौडबंगाल? रक्तवाहिन्यांखेरीज आपल्या अंगात स्वच्छ रस वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचे एक जाळे आहे. त्यांच्या वाटेवर जांघेत, काखेत, गळ्यात लहान लहान गाठींची ठाणी आहेत. जखमेतले जंतू किंवा त्यांचे तुकडे येथे आणले जातात आणि त्यांची ओळख पटवली जाते. ओळख पटवण्याची तऱ्हा मात्र विलक्षण आहे. कुलूप पाहून किल्ली घडवावी, अशी आपली समजूत. शरीरात किल्ल्या आधीच तयार असतात! लक्षावधी निरनिराळ्या घडणीच्या पेशी येथे येत-जात असतात. आलेल्या जंतूला त्यांतली एखादीच जुळते, आणि जुळली की तिच्याच प्रती निघू लागतात. गाठ फुगते ती या गर्दीने. या पेशी रक्तात प्रतिपिंडे सोडतात. ती जंतूला चिकटून त्याला नामोहरम करतात. पहिल्या भेटीत या खटाटोपाला आठवडाभर किंवा अधिक लागतो. लढाई संपल्यावर थोड्या पेशी मागे राहतात आणि पुढच्या वेळी तेच काम थोड्या दिवसांत उरकते.

पहिल्या भेटीतला तो आठवडा कित्येकदा जिवावर बेततो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याला आपल्याकडे ग्रंथिक सन्निपात म्हणत, ते त्या गाठीवरूनच. उंदरावरची पिसू पायाला चावली की जंतू जांघेतल्या ठाण्यात जातात. पण हे जंतू गिळले तरी मरत नाहीत. गिळणाऱ्या पेशीतच वाढतात. म्हणजे पहारेकऱ्याच्याच खांद्यावर बसून चोर ठाण्यात शिरतो आणि ठाणेच बळकावतो. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने गेल्या.

मेचनिकॉफचा तो विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन. १८९६ च्या ऑक्टोबरात तो मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत कामाला लागला. मांसाच्या रशावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्याने प्लेगचे जंतू वाढवले, मग उष्णतेने मारले. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वखुशीने पुढे आले. मेलेला जंतू रोग करू शकत नाही, पण किल्ली जुळवायला त्याचे कलेवर पुरते. ती लस पूर्ण संरक्षण देत नसे आणि तिचा प्रभाव काही महिन्यांत ओसरे, हेही सांगितले पाहिजे. परळच्या ज्या प्रयोगशाळेत तिचे काम पुढे चालले, तिला १९२५ पासून हाफकिनचे नाव आहे.

या माणसाच्या वाट्याला पुढे मोठी बदनामी आली. १९०२ साली पंजाबात मलकोवाल येथे एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला. बाटली प्रयोगशाळेत नव्हे, गावी उघडताना दूषित झाली असावी, असे पुढे दिसून आले. १९०७ साली तो दोषमुक्त झाला. मधली पाच वर्षे गेली ती गेलीच.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो. गंजलेल्या खिळ्याला लोक उगाच दोष देतात. खोल, बुजलेल्या जखमेत तो विष तयार करतो. काटा लागल्यावर सुई घेतली की झाले ना, असा प्रश्न हमखास येतो. आधीच्या मात्रा पुऱ्या झालेल्या असतील तर त्या सुईने जुनी ओळख काही दिवसांत जागी होते. कधीच लस घेतली नसेल, तर घाणेरड्या जखमेला नुसती लस वेळेवर पोहोचत नाही. तयार प्रतिपिंडेही टोचावी लागतात. म्हणून बाळपणीच्या मात्रांनंतर १० व्या आणि १६ व्या वर्षी, तसेच गरोदरपणी ही लस देतात. वर आम्ही म्हटले की रोग होऊन गेला की ओळख राहते. येथे तो नियम चालत नाही. हे विष इतके जालीम आहे की जीव घ्यायला पुरते तेवढी मात्रा शरीराला ओळख पटायला पुरत नाही. धनुर्वातातून जो वाचतो, त्यालाही बरे झाल्यावर लस टोचावीच लागते.