नळी तोंडाला लावण्याआधी

मासेमारीचा हंगाम सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. एका संध्याकाळी चोवीस वर्षांच्या तरुणाला त्याचे मामा आमच्या सरकारी रुग्णालयात घेऊन आले. खोकल्याची उबळ थांबत नव्हती, डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि जवळ वाकले की पेट्रोलचा वास येत होता. होडीचे जुने मशीन सारखे बंद पडत होते. नळीत कचरा अडकला असेल असे वाटून त्याने ती काढली आणि तोंडाने ओढली. पेट्रोल तोंडात आले, जोराचा ठसका लागला. किनाऱ्यावर कुणीतरी मिठाचे पाणी पाजून त्याला उलटी करायला लावली. ‘‘पेट्रोल सगळा भायर पडला, डॉक्टरांनू,’’ मामा म्हणाले.

त्या वेळी छातीचा एक्स-रे जवळपास स्वच्छ होता. रक्तातील ऑक्सिजन ९५ टक्के होता. मामांना भाच्याला घरी न्यायचे होते. आम्ही ठेवून घेतले. रात्री अकराच्या सुमारास श्वासाचा वेग वाढला, ऑक्सिजन ८७ वर घसरला, अंगात ताप भरला. दुसऱ्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात पांढुरके पट्टे उमटले होते. पुढचे तीन दिवस तो ऑक्सिजनवर होता आणि सहाव्या दिवशी घरी गेला. नशीब चांगले, एवढेच म्हणायचे.

घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले तर

पेट्रोल पोटात गेले म्हणजे विष झाले, ते बाहेर काढले पाहिजे, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात एखादा घोट पोटात गेला तर त्यातून होणारे नुकसान सहसा मर्यादित असते. खरा धोका फुप्फुसांना असतो. पेट्रोल आणि रॉकेल हे पातळ आणि पटकन पसरणारे द्रव आहेत. श्वासनलिकेत काही थेंब उतरले तरी ते थेट हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत पोहोचतात. या पिशव्या आतून एका साबणासारख्या पातळ थरामुळे उघड्या राहतात. पेट्रोल तो थर विरघळवते. पिशव्या मिटतात, त्यांना सूज येते, आत पाणी भरते. हा जंतूंमुळे नव्हे, रसायनामुळे झालेला न्यूमोनिया असतो.

ही सूज चढायला काही तास लागतात. म्हणून सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी निर्धास्त होता येत नाही. ठसका लागला असेल, खोकला येत असेल, तर निदान सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहणे गरजेचे असते. आणि उलटी? उलटी करवली की तेच पेट्रोल पुन्हा घशातून वर येते आणि फुप्फुसात उतरण्याची दुसरी संधी मिळते. आमच्या रुग्णाचे नेमके कोणत्या वेळी जास्त नुकसान झाले, ठसका लागला तेव्हा की मिठाचे पाणी प्याल्यावर, हे सांगता येणार नाही. पण दुसरी वेळ टाळता आली असती, हे नक्की.

दोष होता एका स्क्रूत

चौथ्या दिवशी मामा जरा ओशाळूनच म्हणाले, ‘‘मेस्त्रीने मशीन बघितले. काही बिघडलेच नव्हते.’’ होडीत ठेवायची पेट्रोलची टाकी टेम्पोतून आणताना सांडू नये म्हणून झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद केला होता. नंतर तो उघडायचा राहिला. इंजिन पेट्रोल ओढत राहते, पण त्याची जागा घ्यायला टाकीत हवा शिरत नाही. आत पोकळी तयार होते आणि सात-आठ मिनिटांनी पेट्रोल येणे थांबते. थोड्या वेळाने हळूहळू हवा शिरली की मशीन पुन्हा चालू होते आणि पुन्हा बंद पडते. अर्धा वेढा फिरवायचा एक स्क्रू; त्यापायी सहा दिवस रुग्णालयात.

मला राहवले नाही. पुढच्या रविवारी मी त्या मेस्त्रींच्या पडवीत जाऊन बसलो. पिंपात पाणी भरून त्यावर एक जुने मशीन टांगलेले होते. ‘‘मशीन काय नि माणूस काय, आधी त्याचा ऐकूक होया,’’ ते म्हणाले. आम्हीही विद्यार्थ्यांना हेच शिकवतो: आधी रुग्णाची हकिगत ऐका, मग तपासा, सोप्या गोष्टी आधी तपासा. मेस्त्रींचा क्रमही तसाच होता, आणि त्यात तोंडाचे काम कुठेच नव्हते.

बंद मशीन काय मागते?

होडीच्या मागे अडकवायचे हे मशीन तसे साधे असते. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये ते बाजारात लोकप्रिय केले, आणि त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. चालण्यासाठी त्याला इंधन, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब, या तीन गोष्टी लागतात. टिकण्यासाठी चौथी, थंड पाणी.

पहिले इंधन. टाकीत पेट्रोल आहे का आणि हवेचा स्क्रू उघडा आहे का, हे आधी बघायचे. मग नळीच्या मध्ये असलेला रबरी फुगा हाताने दाबायचा. बहुतेक निदान तिथेच होते. दाबत गेल्यावर फुगा घट्ट झाला, तर पेट्रोल पुढे पोहोचले आहे. कितीही दाबला तरी मऊच राहिला, तर नळीचा जोड सैल आहे किंवा कुठेतरी चीर पडून हवा शिरते आहे. चालू मशीनवर फुगा चपटा होऊन आत ओढला गेला, तर टाकीकडची बाजू अडली आहे: स्क्रू बंद, किंवा टाकीतल्या जाळीत कचरा. आमच्या रुग्णाने फुग्याकडे नुसते पाहिले असते, तरी पुढचे सगळे टळले असते.

पेट्रोल किती जुने आहे, हेही विचारायचे. पावसाळाभर मशीन पडवीत पडून राहते. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो. तो कार्बोरेटरची केसाएवढी छिद्रे बुजवतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी जास्त झाले की इथेनॉलसह ते टाकीच्या तळाशी साचते, आणि नळीचे तोंड नेमके तिथेच असते. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने फुगतात, तडकतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ताजे पेट्रोल, नवी नळी आणि स्वच्छ जाळी, हा खर्च टाळू नये. टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. कंपनीने ५० भागांना एक भाग असे प्रमाण सांगितले असेल, तर एक लिटरला २० मिलिलिटर. बऱ्याच जुन्या मशीनना याहून जास्त लागते. मशीनवर किंवा पुस्तिकेत दिलेले प्रमाणच पाळावे.

दुसरी ठिणगी. प्लग काढून बघायचा. तो कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही; पेट्रोलने भिजलेला असेल तर इंधन येते, पण ठिणगी पडत नाही, किंवा चोक ओढून ओढून पेट्रोल जास्त झाले आहे. ठिणगी तपासताना अनेक जण प्लग हातात धरून दोरी ओढतात. त्या तारेत हजारो व्होल्टचा दाब असतो. झटका बसून हात झटकला की कोपर लोखंडावर आपटतो, तोल जातो. शिवाय प्लगच्या छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडतो आणि ठिणगी समोरच असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचून राहते. म्हणून आधी सांडलेले पेट्रोल पुसावे, टाकी बाजूला करावी, वाफ उडून जाऊ द्यावी आणि मगच ठिणगी तपासण्याच्या स्वस्त उपकरणाने तपासावे.

तिसरा दाब. दोरी ओढताना हाताला अडकल्यासारखा जोर लागला पाहिजे. दोरी अगदी सहज येत असेल, तर आतल्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे, आणि ते काम किनाऱ्यावर बसून होणारे नाही.

चौथे पाणी. मशीन चालू झाले की मागून पाण्याची बारीक धार उडते. ती दिसली नाही तर लगेच बंद करायचे. खाली रबराच्या पात्यांचा पंप असतो. वाळू, मीठ किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकली की तो पाणी ओढत नाही. पाण्याशिवाय चालवले तर पाती बघता बघता जळतात. म्हणून घरी तपासतानाही मशीन पिंपात, पाण्यात बुडवूनच चालवायचे, आणि समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचे.

दुरुस्ती करणाऱ्याची दुरुस्ती

या सगळ्यात आमच्याकडे येणारे रुग्ण कुठे घडतात, हे मी मेस्त्रींच्या पडवीतच मोजले. बंद शेडमध्ये मशीन चालवणे हे पहिले ठिकाण. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, माणूस सुस्तावतो. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र मात्र आकडा चांगला दाखवते, कारण त्याला या दोन वायूंमधला फरक कळत नाही. मशीन उघड्यावरच चालवावे आणि असा त्रास झाला तर आधी मोकळ्या हवेत यावे.

दुसरे ठिकाण पंखा. त्यात दोर किंवा जाळे अडकले की खलाशी घाईने हात घालतो. आधी मशीन बंद, गिअर न्यूट्रल, प्लगची टोपी काढलेली, आणि मगच पंख्याला हात. मशीन चालवताना त्याची लाल दोरी मनगटाला बांधलेली असावी. तोल जाऊन पाण्यात पडलात तर दोरी निसटते आणि इंजिन बंद पडते. पंख्याची किंवा खाऱ्या पाण्यातली जखम छोटी समजू नये. समुद्रातले काही जंतू मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांना तासाभरात नव्हे, पण दिवसा-दोन दिवसांत गंभीर करतात. जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी, दाबून रक्त थांबवावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी यावे.

तिसरे, पेट्रोलने हात धुणे. काळे तेल लगेच निघते खरे, पण त्वचेतला स्निग्धांशही निघतो. भेगा पडतात, खाज सुटते. पेट्रोलमध्ये बेंझिन असते आणि रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. हात साबणाने धुवावेत. पेट्रोलने भिजलेले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत.

पेट्रोल तोंडात गेलेच तर

तोंडातले थुंकून चूळ भरावी. उलटी करवू नये. मीठ-पाणी, दूध, तेल काहीही पाजू नये. कपडे भिजले असतील तर काढून अंग साबणाने धुवावे. ठसका, खोकला, धाप, गुंगी यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठावे. जमिनीवर १०८, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक. काय प्याले, किती वाजता आणि नंतर उलटी झाली का, एवढे डॉक्टरांना सांगावे.

होडी नसलेल्यांनाही हे लागू आहे. मोटरसायकलमधून पेट्रोल काढताना, शेतातला पंप सुरू करताना आजही नळी तोंडाला लावली जाते. रॉकेल पाण्याच्या बाटलीत ठेवले जाते आणि घरातले लहान मूल ते पाणी समजून पिते. दाबून चालणारा हातपंप थोड्या पैशांत मिळतो. इंधनासाठी झाकणाचा, नाव लिहिलेला वेगळा डबा ठेवायला तर काहीच लागत नाही.

तो तरुण तपासणीसाठी परत आला, तेव्हा फुप्फुसे स्वच्छ होती. मशीन कसे आहे, असे मी विचारले. ‘‘झाकणाच्या स्क्रूला लाल रंग लावलाय,’’ तो म्हणाला. मामांनी नळी मात्र जुनीच ठेवली होती. ती बदलून घ्या, असे मी केसपेपरवर औषधांच्या खाली लिहून दिले.