एका वर्षाच्या पाच तबकड्या

वाचकहो, पावसाळ्यातील एखाद्या लांबलेल्या संध्याकाळी घरातील सर्व मंडळी एकत्र बसली असता खेळावयास योग्य असा एक खेळ आज आपणांस सुचवावयाचा आहे. त्यास फासे लागत नाहीत, पत्तेही लागत नाहीत. १९७० ते १९७९ या दहा वर्षांपैकी कोणतेही एक वर्ष ठरवावे आणि त्या वर्षी निघालेल्या ध्वनिमुद्रिकांतून आपल्या आवडीच्या पाच निवडाव्यात. पाचांच्या सहा होऊ द्यावयाच्या नाहीत, एवढाच नियम कडक पाळावा. खेळ वाटतो त्याहून अवघड आहे. पाश्चात्य देशांतील शौकीन मंडळी अशा याद्या हौसेने करतात व त्यांवरून कडाक्याचे वाद घालतात. आपल्याकडे हा प्रघात फारसा नाही, कारण आपण गाणे सालावरून ओळखत नाही. ते कोणत्या चित्रपटातले, कोणी गायिले, चाल कोणाची, रागदारीचे असेल तर राग कोणता, हे आपण विचारतो. साल विचारले की भले भले कानसेन छताकडे पाहू लागतात.

नमुन्यादाखल आपण १९७२ हे वर्ष घेऊ या. आणि कोठेतरी बसूनच ऐकावयाचे, तर आपण रसमडा येथे बसलो आहो असे समजू या. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग सोडले की लागणारे हे लहानसे स्थानक. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या परिसरातील उद्योगांची वस्ती आता येथवर पसरली आहे. हे ठिकाण निवडण्यास कारण आहे. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. पुढे भिलाईचा कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा ठिकाणी एका घरात मराठी लावणी, शेजारी बंगाली गीत आणि गावाच्या वेशीवर छत्तीसगढी ददरिया एकाच संध्याकाळी कानी पडणे स्वाभाविक आहे. पाचांची निवड करावयास याहून कठीण, आणि म्हणूनच याहून चांगली, जागा कोणती?

तरुण वाचकांसाठी दोन शब्द तबकडीविषयी. जुनी लाखेची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई आणि एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. ४५ फेऱ्यांच्या लहान तबकडीवर चित्रपटाची चार गाणी बसत. ३३⅓ फेऱ्यांची बारा इंची ‘लाँग प्ले’ मात्र एका बाजूस वीस-बावीस मिनिटे सहज चाले. या लांबीमुळेच गाण्यांचा एक सलग संच, त्यांचा क्रम आणि दोन बाजूंमधील विसावा यांचा विचार करणे शक्य झाले. उठून बाजू पालटावी लागे, हेही ऐकण्याचेच एक अंग होते. आता यंत्र न थांबता वाजत राहते आणि ऐकणारा मध्येच केव्हा थांबला ते कोणास कळतही नाही.

तर १९७२. या वर्षाच्या प्रारंभीच, ४ फेब्रुवारीस, ‘पाकीझा’ हा चित्रपट झळकला, आणि माझ्या यादीतील पहिली जागा त्याच्या तबकडीची. परंतु येथेच आपल्या खेळातील पहिला पेच उभा राहतो. कमाल अमरोही यांनी हा चित्रपट १९५६ च्या सुमारास हाती घेतला होता. संगीतकार गुलाम मोहम्मद यांनी चाली बांधल्या, गाणी मुद्रित झाली, आणि मग काम वर्षानुवर्षे रेंगाळले. ढोलक-तबल्यावर हुकमत असलेला हा कलावंत दीर्घकाळ नौशाद यांचा साहाय्यक होता. ‘मिर्झा गालिब’ या १९५४ च्या चित्रपटाने त्यांस मान मिळवून दिला, पण १७ मार्च १९६८ रोजी ते निवर्तले तेव्हा ‘पाकीझा’ अपुराच होता. उरलेले काम नौशाद यांनी पुरे केले. परवीन सुलताना, राजकुमारी, वाणी जयराम यांच्या आवाजांतील ठुमऱ्यांचे तुकडे चित्रपटाच्या पार्श्वभूमीवर झिरपत राहतात, ते नौशाद यांच्या हातचे. मग ही तबकडी कोणत्या वर्षाची म्हणावी? गाणी पूर्वीची, लोकांच्या कानी पडली १९७२ मध्ये.

पुढची हकीकत तर मनास चटका लावणारी आहे. चित्रपट लागल्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ३१ मार्च १९७२ रोजी, मीनाकुमारीचे निधन झाले. वर्षाच्या पारितोषिकांचा प्रसंग आला तेव्हा संगीताचा ‘फिल्मफेअर’ पुरस्कार ‘बेईमान’ या चित्रपटासाठी शंकर-जयकिशन यांस जाहीर झाला. त्याच चित्रपटातील भूमिकेबद्दल अभिनेते प्राण यांसही पुरस्कार मिळाला होता. तो त्यांनी नाकारला. गुलाम मोहम्मद यांच्या संगीताची उपेक्षा झाली, हे त्यांचे कारण. स्वतःच्या चित्रपटास मिळालेल्या मानाविरुद्ध, मृत झालेल्या एका संगीतकाराची बाजू घेऊन उभा राहिलेला हा पडद्यावरचा खलनायक! चित्रपटात न घेतलेली गुलाम मोहम्मद यांची गाणीही मागे राहिली होती. ती ‘पाकीझा रंग बा रंग’ या नावाने १९७७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, निराळ्या तबकडीवर निघाली. आपणांपैकी कोणी १९७७ साल निवडले तर ही तबकडी विसरू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

या पेचातून सुटण्यासाठी मी एक नियम केला. गाणे मुद्रित केव्हा झाले ते पाहावयाचे नाही, तबकडी लोकांसमोर केव्हा आली ते पाहावयाचे. नियम सोयीचा वाटतो, पण त्याने लगेच एक घाव घातला.

६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे देहावसान झाले. मैहर मध्य प्रदेशातले, आणि छत्तीसगढ तेव्हा त्याच राज्याचा भाग होता. स्वतंत्र राज्य झाले ते १ नोव्हेंबर २००० रोजी. गुरूच्या निधनास जेमतेम महिना होत असताना, ८ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक सभागृहात त्यांचे दोन शिष्य एकत्र वाजवावयास बसले. सतारीवर रविशंकर, सरोदवर उस्तादांचे पुत्र अली अकबर खाँ, आणि तबल्यावर अल्लारखा. त्यांनी प्रारंभास घेतला हेमबिहाग; हा राग अल्लाउद्दीन खाँ यांनीच निर्मिलेला. या मैफलीचे ध्वनिमुद्रण ‘इन कॉन्सर्ट १९७२’ या नावाने दोन तबकड्यांच्या संचात निघाले, ते उस्तादांस अर्पण केलेले आहे. ऐकताना वाटते की दोघे एकमेकांस प्रश्न विचारीत आहेत आणि उत्तर तिसऱ्याच कोणाकडून येते आहे. पण हाय! संच प्रसिद्ध झाला १९७३ मध्ये. नावातच १९७२ असलेली तबकडी १९७२ च्या यादीतून बाद! आपल्या घरी नियम करणारा कोणी थोडा दयाळू असेल तर त्याने तिला अवश्य आत घ्यावे.

दुसरी जागा ‘पिंजरा’ची. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटाचे कथाबीज ‘द ब्ल्यू एंजल’ या १९३० च्या जर्मन चित्रपटाशी नाते सांगते. परंतु जगदीश खेबुडकरांची गीते आणि राम कदमांचे संगीत यांनी ते अस्सल मराठी मातीत रुजविले. उषा मंगेशकरांच्या आवाजातील लावण्या ऐका. ठसका आहे, पण शब्द कोठेही चुरगळलेला नाही. ढोलकीची थाप आणि शब्दाचा उच्चार यांच्यात केसाइतके अंतर राखून त्या गातात आणि सारी गंमत त्या अंतरात आहे. तमाशातील गाणे मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणण्याचे काम या तबकडीने केले, असे म्हणावयास हरकत नाही. जी मंडळी तमाशाच्या तंबूकडे फिरकली नसती, त्यांच्या घरी ती वाजू लागली. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून ‘पिंजरा’चीच निवड झाली. महाराष्ट्रात ते वर्ष भीषण दुष्काळाचे होते, हेही तबकडी लावताना आठवते. एकाच वर्षाच्या पोटात काय काय असते!

तिसरी ‘अमर प्रेम’. राहुलदेव बर्मन, आनंद बक्षी, लता मंगेशकर, किशोरकुमार. यांविषयी मी अधिक सांगावे असे काही उरलेले नाही. फक्त एक गोष्ट लक्षात आणून देतो. यातील एक गीत राहुलदेवांचे वडील सचिनदेव यांनी गायिले आहे. चाल मुलाची आणि आवाज वडिलांचा. पूर्व बंगालच्या नावाड्यांच्या गाण्याची हाक त्या आवाजात आहे, आणि ती सुरू झाली की आधीची गोड गाणी क्षणभर लहान वाटू लागतात.

चौथी तबकडी पाहून काही वाचक भुवया उंचावतील. ती अमेरिकेतील आरेथा फ्रँकलिन या कृष्णवर्णीय गायिकेची असून तिचे नाव ‘अमेझिंग ग्रेस’. १९७२ च्या जानेवारीत, १३ व १४ तारखांच्या दोन रात्री, लॉस एंजलिसमधील एका चर्चमध्ये श्रोत्यांसमोर ती मुद्रित झाली आणि जूनमध्ये प्रसिद्ध झाली. लौकिक गाण्यांत कीर्तीच्या शिखरावर असलेली ही बाई आपल्या बालपणीच्या भजनांकडे परतली होती. तिचे वडील धर्मोपदेशक. तेही त्या प्रसंगी हजर होते. गायक ओळ उचलतो, मागचे झेलतात, पुन्हा गायक तिला नवे वळण देतो, आणि ओळ संपू नये असे सर्वांस वाटू लागते. आपल्या वारकरी भजनात टाळकरी अभंगाचे चरण घोळवितात, त्याची ज्यास सवय आहे त्या मराठी कानास ही तबकडी परकी वाटणार नाही. तिचे चित्रीकरणही झाले होते. पण चित्र आणि ध्वनी जुळविण्याच्या खुणाच घेतल्या न गेल्यामुळे तो चित्रपट रखडला व २०१८ मध्ये कोठे लोकांसमोर आला.

आता पाचवी जागा. आणि येथे मला रसमड्याहून उठून थोडे चालावयाचे आहे.

दुर्गलगत बघेरा नावाचे गाव आहे. तेथील दाऊ रामचंद्र देशमुख यांनी ७ नोव्हेंबर १९७१ रोजी, गावातच, ‘चंदैनी गोंदा’ या प्रयोगाचा आरंभ केला. गोंदा म्हणजे झेंडू. ‘नाचा’ या नावाच्या लोकनाट्याची येथे जुनी परंपरा आहे. तिच्यातील कलावंतांस हाताशी धरून देशमुखांनी गीतांच्या माळेतून छत्तीसगढी शेतकऱ्याची सुखदुःखे रंगमंचावर आणली. खुमानलाल साव यांचे संगीत आणि लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते. मस्तुरिया स्वतः गातही असत. आपल्या बोलीचा संकोच वाटणाऱ्या शिकलेल्या माणसांस तीच बोली एवढ्या डौलाने उभी राहिलेली पाहून काय वाटले असेल, याची कल्पना कोकणी, अहिराणी किंवा झाडीबोली घरी बोलणाऱ्या वाचकांस सहज करता येईल. १९७२ हे या प्रयोगाचे पहिले पुरते वर्ष. आकाशवाणीच्या रायपूर केंद्रावरून ही गीते घरोघर पोहोचली. पण त्यांचे मूळ घर म्हणजे रात्रीचे उघडे मैदान, समोर बसलेली हजारो माणसे आणि गीतांना जोडणारे निवेदन. ते वीस मिनिटांच्या बाजूत कसे मावावे?

महाराष्ट्रातही त्याच वर्षी असेच काही घडत होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचे नाटक, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन आणि भास्कर चंदावरकरांचे संगीत. माणसांची भिंत रंगमंचावर डुलत असे, आणि कीर्तन, लावणी, अभंग यांचे स्वर तीतून उमटत. त्या वर्षीच्या मराठी संगीतातील सर्वांत धाडसी काम हेच होते, असे माझे मत आहे. डुलणारी ती भिंत मात्र कोणत्याही तबकडीवर दिसत नाही.

म्हणून माझ्या यादीत पाचव्या जागी तबकडी नाही. तेथे मी ‘चंदैनी गोंदा’ असे लिहिले आहे आणि पाकीट रिकामे ठेवले आहे. खेळाच्या दृष्टीने ही लबाडी आहे, असे आपण म्हणू शकता. परंतु भिलाईजवळच्याच गनियारी गावच्या तीजनबाई तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होत्या आणि हाती तंबुरा घेऊन पंडवानी गात होत्या. पुढे २०१९ मध्ये त्यांस पद्मविभूषण मिळाले. रसमड्याच्या पंचक्रोशीत १९७२ साली जे ऐकू येत होते, ते केवळ दुकानातील पाकिटांवरून मोजू गेल्यास केवढी तूट येईल ते पाहा.

आपल्या घरी हा खेळ मांडाल तेव्हा वडीलधाऱ्यांस आधी बोलू द्यावे. तबकडी कोणी आणली, कोणत्या गावच्या दुकानातून, पहिल्यांदा ती कोणाच्या यंत्रावर वाजली, हे त्यांच्याकडून काढून घ्यावे व पाकिटाच्या आतल्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. माळ्यावरील तबकड्या आडव्या रचलेल्या असतील तर उभ्या कराव्यात, आडव्या राहिल्यास त्या वाकतात. धूळ मऊ सुती फडक्याने खाचांच्या दिशेनेच पुसावी. आणि आजीस किंवा शेजारच्या एखाद्या वृद्धेस त्या काळचे शेतातले, लग्नातले, जात्यावरचे असे काही आठवत असेल, तर ते खिशातल्या फोनवर मुद्रित करून घ्यावे. गाणारीचे नाव, गाव आणि तारीख तिच्याच आवाजात प्रथम घ्यावी, गाणे त्यानंतर.